काळ्या डोळ्यांचं पिल्लू

"काका, हे पोपटाचं पिल्लू माझ्याएवढं बडबडायला किती दिवस लागतील?" मैत्रिणींनी चिथावलं, म्हणून रनीमने अलेक्झांड्रियाच्या भर पक्षीबाजारात विचारलंच.

"तुझ्याएवढं? जन्म पुरायचा नाही!" पक्षी विकणारे शाबान काका हसले. "डोळे अजून काळेच आहेत बघ, मोठं झालं की पिवळट होतात. तीन महिन्यांचं असेल. वर्षभराने बोलेल, तेही ऐकलेलंच."

तिने ते घरी आणलं. आई भात भरून कोबीची पानं गुंडाळत होती. उद्या मैत्रिणींबरोबर समुद्रात पोहायची परवानगी रनीमने महिनाभर भांडून मिळवली होती, आणि आता त्याचीच बडबड चालली होती.

पिंजऱ्यातून हुंदका आला. मग हुबेहूब आईचा आवाज: "रनीम! पाण्याबाहेर ये गं!"

आईचे हात थांबले. "मी असं कधी रडले?"

बाबा आतल्या खोलीतून पिंजऱ्याकडे धावले, तर पिल्लू बाबांच्या आवाजात रडू लागलं.

"आई, बाबा," रनीम म्हणाली, "मी उद्या जात नाही."