चाचणीचं पाणी

"पुन्हा एकदा," वैष्णवी म्हणाली.

ग्लासातला फेस उसळला तसा लगेच बसलाही होता. मोठं यंत्र वाहत्या पाण्यात झटक्यात गॅस भरत होतं. शेजारचं छोटं यंत्र टाकीच्या तळातल्या सच्छिद्र दगडातून तो हळूहळू सोडत होतं, झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखा. दोन्हींतलं एकच ठेवायचं होतं. तिच्या कारखान्यातली पहिली बिअर त्याच्यावर निघणार होती. बिअर वाया नको, म्हणून चाचणी साध्या पाण्यावर चालली होती.

"ताई, मोठंच घ्या," यंत्रं विकायला आलेला कुंदन म्हणाला. "तासाभरात टाकी तयार. गिऱ्हाईक काय बुडबुडे बघत बसतंय?"

तिच्या नवऱ्यानं, योगेशनं, मान डोलावली. "दिवाळीआधी माल काढायचाय, वैष्णवी."

तेवढ्यात दारात निवृत्तीआण्णा दिसले. तिचे वडील. पंचवटीच्या बाजारात झेंडू उतरवून मखमलाबादला निघाले होते. सदऱ्याला अजून पाकळ्या चिकटलेल्या.

"आण्णा, आत या. पाणी घ्या."

"नको गं माय. हितंच बरा हाय मी."

हेच उत्तर येणार, हे तिला ठाऊक होतं. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. लग्नाला वर्षं लोटली. मूल झालं नाही. आण्णा यायचे, मेथी-कोथिंबिरीची पिशवी ठेवायचे आणि कोरड्या ओठांनी परत जायचे. ती पाठमोऱ्या बापाकडे बघत राहायची. त्यांनी एकदा तरी घोटभर घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. त्यात हा बिअरचा धंदा. बाजारात लोक खोचून विचारायचे, "काय निवृत्ती, लेक दारू गाळती म्हणं?" आण्णा फुलांवर पाणी शिंपडत राहायचे.

वैष्णवीनं टाकीला हात लावला.

"कुंदन, पाणी कोमट आहे. कोमट पाण्यात गॅस टिकत नाही. दोन्हींना गार पाणी द्या. मोठ्यावर उगाच आळ नको."

पाणी गार झालं. दोन ग्लास भरून टेबलावर आले. मोठ्या यंत्राचा ग्लास पुन्हा उसळला, बघता बघता निवला. छोट्याचा मात्र तळापासून हलकेच जागा होत राहिला. मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यात ओवाव्यात तसे बारीक बुडबुडे, एकामागून एक, वर येतच राहिले.

"हे छोटं ठेवा. मोठं परत न्या."

"अगं, पण दिवाळी?" योगेश म्हणाला.

"उशीर झाला तर बोलणी मी खाईन. बेचव माल माझ्या हातून जायचा नाही."

कुंदन मोठ्या यंत्राचा पाइप सोडवू लागला.

चपला दाराबाहेर काढून आण्णा आत आले होते. केव्हा आले, कुणालाच कळलं नाही. त्यांनी छोट्या यंत्राचा ग्लास उचलला आणि तोंडाला लावला. नाकात झिणझिण्या उठल्या, डोळ्यांत पाणी आलं, तरी एका दमात रिकामा केला.

योगेश दचकला. "मामा! तुम्ही आमच्याकडचं पाणी..."

आण्णांनी उपरण्यानं मिशी पुसली.

"जावयाच्या घरचं नाय पीत मी," ते म्हणाले. "हे माझ्या लेकीचं हाय."