दुर्बिणीची झाकणं

सासऱ्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, झुडपातल्या पक्ष्याच्या आवाजाकडे रोखली आणि मान डोलावली. “हं. वटवट्याच.”

दुर्बिणीची झाकणं काढलेलीच नव्हती.

जावई शेजारी उभा होता. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं लोकांचे नंबर काढलेला माणूस. म्हातारा चहाचा कप चाचपडायला लागला तेव्हाच त्याला शंका आली होती. आज खात्री पटली. त्याला मनापासून आनंद झाला, आणि त्याची लाजही वाटली नाही.

पानगळ सुरू झाली की उत्तरेकडचे गाणारे पक्षी या तळ्याकाठी उतरत आणि पक्षिमंडळाचे सभासद आठवडाभर त्यांच्या नोंदी ठेवत. चाळीस वर्षं सासऱ्यांची वही म्हणजे मंडळात शेवटचा शब्द. घरी चार पाहुणे जमले की तेच सासरे म्हणायचे, “आमचे जावईबापू लोकांना नजर विकतात, स्वतःसाठी ठेवायला विसरले. यांना चिमणी आणि कोंबडी एकच!” पाहुणे हसायचे. बायकोही हसायची, ते जास्त लागायचं.

यंदा तिनेच गळ घातली होती. “बाबांबरोबर जा ना. कुठे पाय घसरून पडले म्हणजे?”

“ते पाहा बाबा, फांदीवर!” जावई एकदम म्हणाला. “पिवळा गळा, काळी टोपी.”

फांदीवर काहीही नव्हतं. तो होता पक्ष्यांच्या पुस्तकात, मागच्या पानावर.

सासरे थबकले. “तो समुद्रापलीकडचा. इथे कसा येईल?”

“वाऱ्याने भरकटला असेल.”

“नक्की तुम्हीच पाहिलात?”

“या डोळ्यांनी.”

सासऱ्यांनी जाड पेनाने, बोटभर अक्षरांत लिहून घेतलं.

मग जावयाला चेवच चढला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो पुस्तक चाळायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा पक्षी फांदीवर बसवायचा. सात दिवसांत अकरा झाले. प्रत्येक वेळी म्हातारा तेच विचारायचा, “नक्की तुम्हीच पाहिलात?” एकदा कबूल कर ना दिसत नाही म्हणून, जावई मनात म्हणायचा. पण म्हाताऱ्याचा ताठा सुटत नव्हता. खोटी नोंद करणाऱ्याचं नाव मंडळाच्या फलकावर लागतं आणि तळ्याचं फाटक त्याला कायमचं बंद होतं, हे जावयाने आधीच विचारून ठेवलं होतं.

आठवडा संपल्यावर मंडळाच्या सभेला तो बायकोला घेऊन मुद्दाम पुढच्या रांगेत बसला.

अध्यक्षबाईंनी सासऱ्यांची वही मिटली. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. “यात अकरा नोंदी धडधडीत खोट्या आहेत. नाव घ्यायला जीभ रेटत नाही. आपल्यातल्याच एका घराच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

जावई ताडकन उठला. “घ्या नाव! घरचं माणूस म्हणून गय कशाला? मीच सांगतोय ना. सगळ्यांसमोर वाचा!”

बायकोने त्याचा शर्ट ओढला. त्याने तिचा हात झटकला. सासरे खाली मान घालून पेनाला टोपण लावत होते.

“बरं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, “माझी नजर गेली आहे. यंदाचे सगळे पक्षी माझ्या जावयांनी पाहिले. मी फक्त लिहून घेतले.”