निळं झालं की फोन करा

“कोण?” दाराच्या फटीतून बाईंनी विचारलं. साखळी लावलेलीच होती.

“टाकीचं पाणी बघायला आलोय, काकू. तुम्ही फोन केला होता.”

साखळी निघाली. त्या घरात हल्ली एवढ्या एकाच कारणासाठी साखळी निघायची. शेजारणीला बाई दारातूनच वाटेला लावत. नर्स ठेवून पाहिली, तिला दुसऱ्याच दिवशी चपला हातात घेऊन पळावं लागलं. माशांचा माणूस मात्र आत यायचा. बाई त्याला वैद्यबुवा म्हणायच्या, म्हणून आपणही तेच म्हणू.

“पहिल्यांदाच आलात ना आमच्याकडे?” बाईंनी विचारलं.

“हो,” वैद्यबुवा म्हणाले. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काका म्हणजे बाईंचे यजमान. बाईंना आठवत नसे त्या प्रत्येक गोष्टीला त्यांचा चष्मा धुरकट होई.

टाकीत एकच मासा होता, एंजल जातीचा, म्हातारा. पूर्वी तो पंख पसरून राजासारखा फिरायचा. आज पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होता. काचेवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी होती : ‘निळं झालं की फोन करा.’ खाली नंबर. रोज सकाळी नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर माशाला मानवतंय, निळं झालं तर पाणी बिघडलंय. बाई नवऱ्याचं नाव विसरत, पण हे विसरत नसत.

वैद्यबुवांनी नळी उजेडाकडे धरली. गडद निळी. मग ते स्वयंपाकघरात गेले, नळाची चावी जराशी वर उचलून फिरवली, कारण ती तशीच फिरते, आणि नळाचं पाणी तपासलं. स्वच्छ पिवळं.

“म्हणजे खोट आपल्या टाकीत आहे,” ते म्हणाले.

“ह्यांनीच काहीतरी घातलं असेल,” बाई म्हणाल्या. “जन्मभर माझ्या भाजीत मला न विचारता मीठ घालत आले.”

“भाजी अळणी असायची म्हणून,” काका म्हणाले. पण हसले नाहीत.

वैद्यबुवांनी टाकीतला एकेक दगड काढून त्यावर व्हिनेगर टाकलं. चुन्याचा दगड असेल तर फसफसतो, त्यांनी समजावलं. चुना काय किंवा शिंपले काय, पाण्यात हळूहळू विरघळतात, पाणी जड होतं आणि ह्या जातीच्या माशाला ते सोसत नाही. एकही दगड फसफसला नाही. शिंपला तर टाकीत औषधालाही नव्हता. लाकडाचं खोड निर्दोष, वाळू निर्दोष. मागच्या खेपेलाही हेच झालं होतं. पाणी बदलावं, आठवडाभर पिवळं राहावं आणि मग आपलं पुन्हा निळं.

शेवटी त्यांनी फिल्टरचं झाकण उघडलं. स्पंजाच्या मागे हात घातला आणि तो तिथेच थांबला.

“हा कुणी उघडला होता?”

“मी,” काका म्हणाले. “सकाळी मासा आडवा झाला. थांबवेना.”

“मी सांगितलं होतं, फिल्टरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.”

“सांगितलं होतंत खरं.”

दोघं एकमेकांकडे पाहायचं टाळून माशाकडे पाहू लागले. वैद्यबुवांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी घाईघाईनं थोडं जुनं पाणी उपसलं आणि मुरवलेलं नवं पाणी धार बारीक करून सोडलं. एकदम बदललं तर धक्क्यानंच जायचा, ते पुटपुटले. शर्टाची बाही खांद्यापर्यंत भिजली. बाईंनी पंचा आणून ती टिपली, लहान मुलाची टिपावी तशी.

“माझ्या मुलाचा आहे हा,” त्या म्हणाल्या. “आणला तेव्हा बटणाएवढा होता. नोकरीला लांब गेला तेव्हा म्हणाला, आई, एवढं सांभाळ. येईलच आता तो. मासा मेला तर त्याला काय तोंड दाखवू?”

“नाही मरणार.”

“नीट माणूस दिसता म्हणून आत घेतलं हो. मध्ये एकजण नातलग असल्याची थाप मारून घुसत होता. लाटणंच घेऊन धावले.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “तुम्हाला आई आहे?”

“आहे.”

“भेटता की नाही तिला?”

“ती बोलावते तेव्हा जातो.”

“न बोलावताही जावं,” बाई म्हणाल्या. “आईला काय, बरंच वाटतं.”

वैद्यबुवा खाली वाकून नळ्या गोळा करत राहिले. बराच वेळ.

दुपार कलली तेव्हा मासा खाली उतरला. एक पंख उघडला, मग दुसरा. बाईंनी काचेला हात लावून त्याला हळूच शाबासकी दिली. निघताना वैद्यबुवा म्हणाले, “निळं झालं की फोन करा, काकू.” बाईंनी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. लिहिलंय की. मग साखळी लागली.

काका त्यांच्या मागोमाग जिना उतरले. खालच्या वळणावर त्यांनी खिशातून एक ओली कापडी पुरचुंडी काढून कठड्यावर ठेवली. गाठ सुटली आणि शिंपल्यांचा चुरा घरंगळला.

“स्पंजामागे सापडली,” ते म्हणाले. “आज तो गेलाच होता. पुरे कर आता. मासा बरा राहू दे.”

वैद्यबुवांनी चुऱ्याचा एकेक कण वेचून पुन्हा कापडात भरला.

“मासा बरा राहिला तर आई मला दार कशाला उघडेल, बाबा?”