विमानाच्या खिडकीतलं वैकुंठ

"यंदा बुवांना हार जोतीराम घालंल," पुजारी म्हणाला, आणि नाथाजीचा टाळ हातातल्या हातात थांबला.

रहिमतपुरात मारुतीच्या उत्सवात कीर्तनकाराला हार घालायचा मान नाथाजीचा. प्रसादाचा गूळ त्याच्या गुऱ्हाळाचा, बुवांच्या मागं धृपद धरणारा आवाजही त्याचाच. आणि पंचाहत्तर साली हा मान चालला होता सुट्टीवर आलेल्या पोरसवदा शिपायाकडं.

कारण काय, तर जोतीराम लष्कराच्या विमानानं लेहला गेला होता आणि वरून फोटो काढून आला होता. साताऱ्याला धुवून आणलेले ते कृष्णधवल फोटो गावभर फिरले. पांढरेशुभ्र डोंगर, खोल दऱ्या, ना झाड ना माणूस. कडेला खिडकीची काळी गोलाई. उत्सवाच्या पहिल्याच कीर्तनात बुवांनी एक फोटो उंच धरला नि म्हणाले, "माउली, वैकुंठ याहून निराळं काय असणार?"

जोतीरामाची आई राहीबाई. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. लेक आल्यापासून तिचा एकच प्रश्न, "वर तुझा बा गेला ती जागा दिसली का रं?" तिनं तो फोटो कपाळाला लावला, तशी सारी बायामंडळी डोळे पुसू लागली.

डोळे कोरडे राहिले ते नाथाजीचे. एरवी कीर्तनात लोण्यासारखं विरघळणारं त्याचं मन आत नुसतं धुमसत होतं.

दुसऱ्या दिवशी जोतीराम नेहमीसारखा गुऱ्हाळावर आला. सुट्टीभर त्याचा मुक्काम तिथंच. रस प्यायचा, चुलवाणापाशी बसायचा.

"क्यामेरा ठिवून जा रं. बैलांचा फोटू काढतो."

"घ्या की तात्या. बैलास्नी तेवढं हसायला सांगा."

तो गेला तसा नाथाजी काहिलीवर वाकला. उकळत्या रसावर मळीचा फेस चढला होता. फेसालाही डोंगर होते, दऱ्या होत्या. त्यानं फोटो काढला, साताऱ्याहून धुवून आणला आणि बुवांच्या चौरंगावरच्या फोटोंच्या गठ्ठ्यात गुपचूप सरकवला.

बेत साधा होता. लोकांनी हात जोडले की उठून सांगायचं, ही माझ्या काहिलीतली मळी. ज्याला स्वतःचं आभाळ ओळखता येत न्हाई, त्यानं कसला हार घालायचा?

हाराच्या दिवशीचं, शेवटचं कीर्तन रंगलं. वैकुंठाचं वर्णन आलं आणि बुवांनी नेमका तोच फोटो उचलला. राहीबाईनं पदर पसरून जमिनीला डोकं टेकवलं.

नाथाजीनं टाळ खाली ठेवला. "बुवा, जरा थांबा. मला बोलायचं हाय."

मृदंग थांबला. जोतीराम हार घेऊन पुढं बसला होता. तो उठला, नाथाजीजवळ आला आणि हार त्याच्या हातात देत कानाशी लागला.

"तात्या, हार तुमीच घाला. पण आयेम्होरं बोलू नगा. त्या इमानाला खिडकीच नव्हती. सगळं फोटू तुमच्याच काहिलीतलं हायती."