उन्मेष सरांची फुंकर

शिवा, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. दसऱ्याची दुपार, परळचा टॉवर, एकतिसावा मजला. ऑफिसमधून फक्त मी आणि नूपुर, दोघांनाच बोलावलेलं. सोनं द्यायला नाही रे, उन्मेष सरांचे नवे स्पीकर ऐकायला. दोन स्पीकर, माणसाएवढे उंच, दाराच्या फळीसारखे चपटे. किंमत त्यांनी आम्ही चपला काढायच्या आधीच सांगितली.

"तुम्ही लोक मोबाइलवर जे ऐकता ना, त्याला मी आवाज म्हणत नाही," सर म्हणाले. हे आमचं स्वागत.

मग उजव्या स्पीकरची जाळी काढली. आत एक चंदेरी पट्टी, वरून खालपर्यंत, बारीक चुण्यांची. म्हणे हीच रिबन. अ‍ॅल्युमिनियमची, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी पातळ. दोन्ही बाजूंना मॅग्नेट, मध्ये ही नुसती लटकलेली. गाण्याचा करंट तिच्यातूनच जातो, ती थरथरते, तोच आवाज.

"साध्या स्पीकरचा कोन, तो आतला कागदी पडदा, म्हणजे रेडा. हलवायला ताकद लागते. आणि ही बघा." सर वाकले आणि त्यांनी जोरात फुंकर मारली. वाढदिवसाच्या केकवर मारतात ना, तशी. पट्टी फडफडली. "बघितलंत? श्वासानेपण हलते."

नूपुर वा म्हणाली. मीपण म्हणालो.

जाळी लावली, गाणं लावलं. डावीकडून बाई गातेय, एकदम समोर बसल्यासारखी. उजवीकडून तीच बाई पतंगाच्या कागदातून गातेय. खर्रर्र.

सरांनी जाळी परत काढली. पट्टी मधोमध ताणली जाऊन सैल पडलेली, मॅग्नेटला घासत होती. आणि त्याच स्पीकरच्या लाकडी चौकटीवर, अगदी वर, हळद-कुंकवाचं बोट आणि एक झेंडू.

"मंजुळाबाई."

मंजुळाबाई किचनमधून हात पुसत आल्या. वरळीच्या बीडीडी चाळीत राहतात, नऊ वर्षं त्या घरात कामाला. दसरा म्हणून सकाळी त्यांनी फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळ्यांना हळद-कुंकू लावलेलं. स्पीकर नवा, मग त्यालापण.

"तुम्ही हात लावलात याला."

"लाकडाला लावला दादा. वरती. ती जाळी मला कुठं उघडता येते?"

"मग ही काय आपोआप ढिली झाली?"

त्या आमच्याकडे बघायला लागल्या. त्या किचनमध्ये होत्या रे, त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. बघितलं होतं आम्ही दोघांनी. आणि पुढच्या आठवड्यात अप्रेझल, सही सरांची.

नूपुर म्हणाली, "सर, मगाशी..."

"मगाशी काय?"

"काही नाही सर. एसी थोडा कमी करू का?"

आणि मी? मी श्रीखंड खात होतो. वाटी केव्हाच संपलेली. नुसता चमचा चाटत होतो.

"उद्यापासून येऊ नका. चावी ठेवून जा."

"नऊ वर्षांत माझ्या हातून एक कप फुटला नाय दादा."

"हा कप नाहीये."

मंजुळाबाईंनी छोट्या पर्समधून घराची चावी काढली. कुठे ठेवायची कळेना, तर कोपऱ्यात एक मोठी काळी पेटी होती, तिच्यावर ठेवली. ती बासची, म्हणजे खालच्या जाड आवाजाची पेटी.

सर आमच्याकडे वळले. म्हणजे झालं, विषय संपला. "उजवा बंद करतो. बास तर ऐका. हा सर्वो आहे. आतल्या कोनला सेन्सर लावलाय. कोन केसभर चुकीचा हलला की सेन्सर लगेच अ‍ॅम्प्लिफायरला कळवतो, मी चुकलो. अ‍ॅम्प्लिफायर तिथल्या तिथे दुरुस्त करतो. साध्या स्पीकरला स्वतःची चूक कळतच नाही, हाच तर फरक आहे."

हसले नाहीत रे. अगदी मनापासून सांगत होते. मागे मंजुळाबाई दारात वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या.

दार बंद झालं आणि सरांनी ढोल लावला. आईशप्पथ, छातीत धडका. सोफा हलतोय, माझ्या वाटीतला चमचा वाजतोय.

"पेटीवर बघा," सर ओरडले. "आवाज घरभर, पण पेटी स्वतः थरथरत नाही. ती चावी. हलतेय का? जरासुद्धा?"

आम्ही उठलो, जवळ जाऊन वाकून बघितलं. चावी जागची हलत नव्हती. तिच्यावरपण कुंकवाचं बोट होतं, सकाळचं.

"मानलं सर," मी म्हणालो.

तू सांग शिवा. तू असतास तर चमचा खाली ठेवला असतास?