आपलंच घर समजा

बेल तिसऱ्यांदा वाजली, तेव्हा तिला दार उघडावंच लागलं. आणखी वाजली असती तर शेजारचे डोकावले असते.

दारात एक म्हातारा उभा होता. हातात प्रवासाची बॅग, कपाळावर घाम.

"साहेब आहेत का घरात?"

"नाहीत. सासरे गावाला गेलेत. आठवडाभर तरी येणार नाहीत."

"सासरे?" म्हाताऱ्याने तिला नीट न्याहाळलं. "म्हणजे तुम्ही सूनबाई! आणि मला लग्नाचं साधं बोलावणं नाही? भेटू दे तुमचा नवरा, कानच उपटतो त्याचा."

एवढं बोलून स्वारी सरळ आत आली.

घरात ती एकटी, आतल्या खोलीतलं काम अर्धवट, आणि समोर हा अनोळखी माणूस. आरडाओरडा करायची सोय नव्हती. गोडीगुलाबीने त्याला वाटेला लावायचं, एवढंच तिच्या हातात होतं. मोठ्या घरांत पाहुण्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. तिने उसनं हसू आणलं.

"बसा ना. मेक युवरसेल्फ ॲट होम."

नेमकं तिथेच चुकलं. म्हातारा रंगात आला.

"याचा अर्थ काय हो, सूनबाई?"

"म्हणजे... आपलंच घर समजा."

"ते झालं भाषांतर. मी अर्थ विचारतोय. आता मी पाय वर घेऊन बसलो तर?" आणि तो खरोखरच सोफ्यावर मांडी घालून बसला. "फ्रिज उघडला तर? त्या खोलीत जाऊन जरा आडवा झालो तर?"

"तिथे नको!" ती जवळजवळ ओरडलीच. मग आवाज खाली आणला. "पसारा पडलाय सगळा."

"बघा! जो तो हे म्हणतो, आणि पाहुण्याने मनावर घेतलं की तोंडचं पाणी पळतं. खरा अर्थ एवढाच, की अवघडून बसा, देतील ते खा आणि वेळेवर निघा."

निघ रे बाबा मग, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तो बाहेरच्या दारासमोरच ठाण मांडून बसला होता.

"काका, मला जरा बाहेर जायचंय."

"जाल हो. पाहुण्याला कोरडंच पाठवणार? चहा तरी टाका."

चहा पाजला की ब्याद टळेल, या आशेने ती स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवलं. एक डबा उघडला, त्यात डाळ. दुसऱ्यात मीठ. तिसरा नुसताच रिकामा.

"साखर वरच्या फळीवर," बाहेरून आवाज आला. "निळ्या झाकणाची बरणी."

बरणी तिथेच होती. तिने मागे वळून पाहिलं. म्हातारा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"किल्ली लावली तरी माझंच दार उघडेना, आतून कडी होती, तेव्हा आधी पोलिसांना फोन केला, मग बेल वाजवली," तो म्हणाला. "येतीलच ते. तोवर चहा होऊ द्या. आमची ही गेल्यापासून या घरात मला कुणी चहा करून दिलेला नाही."