ठकीचा पुढचा दात

प्रश्नमंजुषेतला प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच विक्री विभागाने घंटी वाजवली. त्यांची ती सवयच. ऐकून घेण्याचं काम त्यांनी गिऱ्हाइकावर सोडलेलं असतं.

चकचकीत कोटातल्या सूत्रसंचालकाने प्रश्न पहिल्यापासून वाचला. ‘ठकी’ दंतमंजनाच्या डब्यावर हसणाऱ्या मुलीचा पुढचा दात पडलेला का आहे? छापखान्याची चूक, चित्रकाराची लहर, संस्थापकांची धंद्यातली युक्ती, की यापैकी काहीच नाही?

संस्थापक पहिल्या रांगेत मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन बसले होते. गुच्छ कुणी दिला हे त्यांनी बायकोला दोनदा विचारून घेतलं होतं. कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. पण कंपनीच्या वाढदिवसाला संस्थापक असलेला बरा दिसतो, म्हणून नवे मालक दरवर्षी गाडी पाठवत. यंदा बायको नकोच म्हणणार होती. मग तिच्या मनात आलं, तिथे भिंतीएवढा डबा रंगवलेला असतो. एवढ्या मोठ्या डब्याकडे बघून तरी काही आठवेल.

लवंग किती, कापूर किती, हे त्यांना अजूनही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. विसरले होते ते डब्यावरच्या मुलीला. घरी कपाटावर ठेवलेल्या पहिल्या डब्याकडे बोट दाखवून ते विचारत, ही कुणाची गं पोरगी? पहिल्यांदा विचारलं तेव्हा बायकोने खरं ते सांगितलं. दुसऱ्यांदा ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तेव्हापासून ती ‘शेजाऱ्यांची’ म्हणून मोकळी होत असे. ठकीला धावता-बोलताना पाहिलेली माणसं जगात दोनच उरली होती. त्यातल्या एकाच्या डोक्यातून ती गेल्यावर दुसऱ्याने तिच्याबद्दल बोलायचं कुणाशी?

“युक्ती,” विक्रीवाले म्हणाले. उत्तर बरोबर होतं. हिशेब विभागाने तोंड वाकडं केलं.

सूत्रसंचालकाने पुरावाही वाचून दाखवला. खुद्द संस्थापकांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं की, बाकीच्यांच्या डब्यांवर सगळे दात असतात. आपण एक कमी ठेवला की गिऱ्हाइकाची नजर तिथेच अडकते. पुढे हे वाक्य व्यापार शिकवणाऱ्या कॉलेजांत गेलं. दात पडलेल्या पोरीचं चित्र लावून दातांची पावडर खपवणारा माणूस म्हणून संस्थापकांची गणना द्रष्ट्यांत झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संस्थापकांनीही वाजवल्या.

बायकोला ते वाक्य जन्मलं ती दुपार आठवली. मुलाखत घेणारा बाहेरच्या खोलीत बसला होता, ती चहा घेऊन तिथे आली आणि नेमकं तेव्हाच त्याने दाताचं विचारलं. नवऱ्याने तिच्या हातातल्या ट्रेकडे पाहिलं आणि ही थाप ठोकून दिली. ठकीचा तेवढा एकच फोटो होता, हे त्याला बायकोपुढे सांगता आलं नाही. दात पडला म्हणून पोरीने हट्टाने काढायला लावलेला. दुसरा दात यायच्या आत ती तापाने गेली. बायकोच्या हातातल्या कपबश्या वाजू नयेत, एवढ्यासाठी ती थाप होती. नवऱ्याने तिच्यासाठी केलेल्या गोष्टींत ती हीच सगळ्यात वर धरत असे.

आता नवे मोठे साहेब बोलायला उभे राहिले. पाहणीचे आकडे देऊन ते म्हणाले, पडलेला दात बघून आजच्या ग्राहकाचा मंजनावरचा विश्वास उडतो. ठकीवर आपला सगळ्यांचा जीव आहे, म्हणूनच तिला काळाबरोबर न्यायला हवं. त्यांनी दोरी ओढली. भिंतीवरचा पडदा सरकला.

नवी ठकी गोरी, गुबगुबीत होती आणि या कानापासून त्या कानापर्यंत हसत होती. सहा वर्षांच्या पोरीला एवढे दात नसतात; पण कंपनीने हात आखडता घेतला नव्हता.

सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. आतापर्यंत प्रत्येक टाळीत टाळी मिसळणारे संस्थापक तेवढे थांबले. त्यांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले. मग बायकोच्या कोपराला हात लावला.

“अगं, ही आपली नव्हे.”

बायको त्यांच्याकडे वळली.

“आपल्या पोरीचा दात पडलाय पुढचा,” ते म्हणाले. “फोटो नाही का काढला? ऐकेचना.”

शेजारच्या खुर्चीवरचे अधिकारी पलीकडच्याला हळूच म्हणाले, जुनी माणसं, डब्यातला बदल लवकर पचत नाही.

संस्थापकांनी मांडीवरचा गुच्छ उचलून पायाशी ठेवला. आता ते भिंतीकडे बघत नव्हते. बायकोकडे बघत होते. घरातलं काहीतरी बाहेर निघताना विसरलंय, ते तिला नक्की माहीत असणार, अशा नजरेने.

“दुसरा आला का गं तिचा?”

टाळ्या अजून चालूच होत्या. तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“येतोय,” ती म्हणाली. “टोक दिसायला लागलंय.”